सातव्या रकान्यातले मेहुणे

चूक माझीच होती, आणि ती फक्त दोन शब्दांची होती. घर घ्यायचं तर आमच्या सरकारी कारखान्याची आधी परवानगी लागायची. तिचा एक पिवळा फॉर्म होता आणि त्याच्या सातव्या रकान्यात 'पैसे कोठून उभे करणार' असा प्रश्न होता. तिथे मी फंडाचा अ‍ॅडव्हान्स लिहिला, कारखान्याच्या पतपेढीचं कर्ज लिहिलं आणि उरलेल्या सहा हजारांपुढे, शाईच्या पेनाने, चांगल्या वळणदार अक्षरात 'स्वतःची बचत' असं लिहून खाली सही ठोकली. माझी स्वतःची बचत त्या दिवशी एकशे बारा रुपये होती. ते सहा हजार माझ्या मेहुण्यांचे होते. आणि आमच्या हिच्या या थोरल्या भावाइतका धोकादायक माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात दुसरा झाला नसेल. कारण हा माणूस खरं बोलतो. खरं बोलणारे इतरही असतात, नाही असं नाही. पण ते विचारल्यावर बोलतात, वेळ बघून बोलतात, फारच अडचण झाली तर खोकल्यासारखं करून विषय बदलतात. मेहुण्यांना तो खोकला ठाऊकच नाही.

गाव त्यांचं देहूच्या अलीकडचं, इंद्रायणीच्या काठचं. नोकरी भोसरीच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये, टूलरूमला. सदऱ्याच्या खिशात कायम एक सहा इंची पोलादी पट्टी. एक सूत इकडे की तिकडे यावरच सगळा दिवस जाणारा माणूस, त्यामुळे संध्याकाळी साबणाने हात धुतले तरी ती सवय धुतली जात नसे. आमचं लग्न ठरायच्या बैठकीत माझे वडील, दोन काका, गावचे चार जाणते बसलेले, सुपारी फुटायच्या बेतात, आणि हे एकदम म्हणाले, "एक सांगायचं ऱ्हायलं. पोरीची भाकरी एका अंगानं जाड व्हती. आन् डाव्या कानानं जरा कमी ऐकती." बैठकीत अशी काही सामसूम झाली की बाहेर बांधलेल्या बैलाचं रवंथ ऐकू यायला लागलं. माझ्या सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. पण माझी आई आतल्या दारातून म्हणाली, "मुलगी पसंत आहे. एवढं सांगणाऱ्यांनी न सांगितलेलं काही उरलं नसेल." तेव्हा माझा संसार उभा राहिला तोसुद्धा मेहुण्यांच्या खरं बोलण्यावरच, हे कबूल करायला हवं. पुढे आमच्या थोरल्याच्या बारशाला बायका पाळण्याभोवती जमल्या. कुणी म्हणे नाक बापाचं, कुणी म्हणे कपाळ आजोबांचं. मेहुण्यांनी वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "कुणासारखं न्हाई. बारा दिसांची पोरं समदी एकसारखीच दिसत्यात." माझ्या मावशीने पुढली दोन वर्षं त्यांच्याशी अबोला धरला. तो धरलाय हे त्यांना कळलंच नाही.

या स्वभावापायी त्यांचं स्वतःचं लग्न मात्र काही जमेना. मुलगी पाहायला गेले की मुलीच्या बापाला आधी स्वतःचे दोष सांगायचे: "मी घोरतो. राग आला की बोलत न्हाई, येकदा नऊ दिस बोललो नव्हतो. घर भाड्याचं हाय, येकच खोली, नळ खाली." सांगायचे तेही कसे, पंचांग वाचावं तसे, एका सुरात. आळंदीच्या एका स्थळाला मी बरोबर होतो. तिथे ही यादी ऐकून आतल्या खोलीत मुलगी खुदकन हसली. मला वाटलं, जमलं. पण बाप उठून उभा राहिला आणि म्हणाला, "एका खोलीत माझी पोर नाही द्यायची. आधी घर करा, मग या." परतताना पुलावर मी म्हणालो, "दादा, दोन खोल्या आहेत म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "ती दुसरी खोली आणली कुटून असती पाव्हणं?"

तर अशा माणसाने त्या वर्षीच्या भाऊबीजेला आमच्याकडे यावं, पाटावर बसावं, आणि आमच्या हिने ओवाळून झाल्यावर ताटात एक कापडी पिशवी ठेवावी. दरवर्षी अकरा रुपये आणि खण असायचा. पिशवीत सहा हजार होते. कासारवाडीला स्टेशनच्या पलीकडे नवी सोसायटी होत होती, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एकवीस हजार. त्यात आम्हाला सहा कमी पडत होते. हे हिने त्यांना सांगितलं होतं, मागितले नव्हते. मी "छे छे, भलतंच" असं तीनदा म्हणालो. पुरुषाने म्हणायचं असतं. चौथ्यांदा गप्प बसलो. तर हे मला म्हणतात, "तुमाला देतच न्हाई पाव्हणं. मी बहिणीला देतोय." बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. आठ दिवसांनी तो फॉर्म भरायला बसलो तेव्हा ते वाक्य पेनाच्या टोकावर येऊन बसलं. सासुरवाडीच्या पैशाने घर घेतलं असं आपल्या हाताने लिहायचं, ते हेडक्लार्क वाचणार, मग टायपिस्ट वाचणार, मग कँटीन वाचणार. मी लिहिलं, 'स्वतःची बचत'.

दिवस आणीबाणीचे होते. ऑफिसात लोक पावणेनऊला येऊन घड्याळाकडे बघत बसत, कुणाला केव्हा घरी बसवतील याचा नेम नव्हता. संक्रांतीनंतर एका सकाळी माझ्या टेबलावर दक्षता विभागाचा मेमो आला. पगार अमुक, मुलं तीन, घरभाडं तमुक, तर सहा हजारांची बचत कशी झाली याचा सात दिवसांत खुलासा करावा. तो समाधानकारक नसल्यास पुढील कारवाई करण्यात येईल. मी स्टोअर्सला होतो. बाहेरून येणारा माल माझ्या सहीने आत जायचा, आणि स्टोअर्सच्या माणसाकडे नसलेला पैसा दिसला की तो कुठून आला हे शोधायला कुणाला फार लांब जावं लागत नाही. त्यातून सोसायटीचा शेवटचा हप्ता महिनाअखेरीला द्यायचा होता. परवानगीचं पत्र नाही तर हप्ता नाही, आणि हप्ता नाही तर आमच्या दोन खोल्या यादीतल्या पुढच्या माणसाला. म्हणजे घर जाणार हे नक्की होतं, नोकरी मागोमाग जाते की काय एवढाच प्रश्न होता. घरी मी काही बोललो नाही. जेवताना ही म्हणाली, "आमटी अळणी झालीय का?" मी म्हणालो, "नाही, छान आहे." आमटीत त्या दिवशी मीठ अजिबात नव्हतं.

आमचे हेडक्लार्क जुन्या पिंपरी गावातले, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी मेमो वाचला, चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "सच सांगून टाका राव. दक्षतावाल्यांना खरं ऐकायची सवय नसते. गडबडून जातात." मी दुपारीच जाऊन दक्षतेच्या साहेबांना सांगितलं, पैसे मेहुण्यांचे आहेत. साहेब बारीक अंगाचे, हळू आवाजाचे. ओरडणारा साहेब परवडतो, हळू बोलणारा नाही. ते गडबडले वगैरे अजिबात नाहीत. म्हणाले, "मेहुणे. या आठवड्यातले हे तिसरे मेहुणे." मग विचारलं, "कुठे असतात कामाला?" मी वर्कशॉपचं नाव सांगितलं. साहेबांनी ड्रॉवरमधून एक यादी काढली आणि बोट वरून खाली न्यायला सुरुवात केली. ते बोट मध्यावर थांबलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि पोटात अंधार. ती यादी आमच्या पुरवठादारांची होती. मेहुण्यांच्या मालकाची बुशिंगं, म्हणजे यंत्रात दांड्याभोवती बसवायच्या धातूच्या नळ्या, आमच्याकडे यायची, माझ्याच सहीने आत जायची, आणि याचा कुणी असा अर्थ लावेल हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंसुद्धा नव्हतं. "म्हणजे वर्कशॉपचा मालक, त्याचा कामगार, कामगाराची बहीण आणि तुम्ही," साहेब एकेका बोटावर मोजत म्हणाले. "उद्या अकराला घेऊन या त्यांना."

कारखाना सुटल्यावर मी तसाच भोसरीला गेलो, मेहुण्यांना शिकवून ठेवायला. माणसाला दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेसाठी तयार करावं तसं. "दादा, विचारतील तेवढंच उत्तर द्यायचं."

"आन् त्यांनी चुकीचं इचारलं तर?"

"तरी तेवढंच. जास्त काही बोलायचं नाही."

"म्हंजी खोटं बोलू?"

"खोटं नाही हो, कमी बोला."

"पण मला बोलावलंय कशापायी? पैसं मी दिलं हे तर तुमी कागदावर लिवलंच आसंल." मग मला ते सांगावं लागलं. स्टोव्हवर चहा उकळत होता, मी जमिनीकडे बघत सांगितलं, की तुमचं नाव लिहिलं नाही, 'स्वतःची बचत' असं लिहिलं. त्यांनी चहा गाळला. माझा कप माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "बरं." एवढंच. तो चहा प्यालेला मला आठवत नाही, पण ते 'बरं' अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा-पायजमा घालून, आणि तो सायकलच्या चेनमध्ये अडकू नये म्हणून लावलेली क्लिप तशीच ठेवून, मेहुणे अकराला साहेबांसमोर खुर्चीच्या कडेवर बसले. पोस्टाचं पासबुक त्यांनी मागायच्या आधीच टेबलावर ठेवलं. साहेबांनी पानं उलटली. अकरा वर्षांचं पासबुक. कधी तीस, कधी चाळीस, दिवाळीला बोनसचे थोडे जास्त, आणि शेवटच्या पानावर भाऊबीजेच्या आदल्या आठवड्यात सगळे काढलेले. मला वाटलं, सुटलो. साहेबांना तसं वाटलं नाही. "अकरा वर्षं साठवलेले कुणी असे देत नाही," ते म्हणाले. "तुम्ही हे यांना द्यायचे आणि मालकाने ते तुम्हाला हळूहळू भरून द्यायचे, असं काही ठरलंय का?"

"साहेब, आमचा मालक चहात दूध मोजून घालतो."

"विचारलं त्याचं उत्तर द्या."

"न्हाई."

"यांच्यामुळे तुमच्या मालकाचा माल आत जायला सोपं पडत असेल."

"सोपं कुटलं?" मेहुणे खुर्चीत पुढे सरकले, आणि मी खाली बघायला लागलो, कारण आता विचारल्यापेक्षा जास्त येणार हे मला कळलं. "गेल्या उन्हाळ्यात साठ बुशिंगं मीच माघारी आणवली. भोक सुतानं मोठं व्हतं. मालक म्हणाला जाऊ दे, चालतंय. मला रातभर झोप न्हाई. दुसऱ्या दिशी तुमच्या गेटावर आलो आन् तपासणीवाल्याला सांगितलं, त्या पेटीतला माल घेऊ नका. मालक दोन म्हैनं माझ्याशी बोलला न्हाई. तिथं रजिस्टरात आसंल बघा."

साहेबांनी घंटी वाजवली आणि परत आलेल्या मालाचं रजिस्टर मागवलं. ते यायला वीस मिनिटं लागली. मला तो उन्हाळ्यातला दिवस चांगला आठवत होता. पुरवठादाराचाच कामगार येऊन आपल्याच मालाची चुगली करतोय म्हणून सगळं स्टोअर्स बघायला धावलं होतं, आणि हा वेडा आपला नातलग आहे हे कुणाला कळू नये म्हणून मी ग्रीसच्या डब्यांच्या रॅकमागे जाऊन उभा राहिलो होतो. तपासणीवाल्याने ते नोंदवलं असेल का, की तोंडी ऐकून पेटी नुसती परत पाठवली असेल? नोंदच नसेल तर? रजिस्टर आलं. साहेबांनी पानामागून पान उलटलं, एका ठिकाणी थांबले, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. नोंद होती. साठ नग, परत. माहिती पुरवठादाराच्या कामगाराकडून.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. मी श्वास सोडणार तेवढ्यात त्यांनी माझा पिवळा फॉर्म मेहुण्यांपुढे सरकवला. "मग यांनी इथे 'स्वतःची बचत' का लिहिलं? सहीनिशी खोटं लिहिलंय. हे तुम्हीच सांगा."

मेहुण्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता; मशीनवरून उतरलेला एखादा जॉब हातात घेऊन तो घेण्यासारखा आहे की टाकण्यासारखा हे ठरवताना बघतात तसं पाहिलं. मला वाटलं, झालं.

"गर्व," ते म्हणाले.

"काय?"

"पाव्हण्यांना गर्व हाय. सासुरवाडीच्या पैशानं घर घेतलं म्हणायला लाज वाटली आसंल. बाकी माणूस वाईट न्हाई. आन् पैसं खायाचं म्हणाल साहेब, तर त्याला छाती लागती. ह्यांच्यात ती न्हाई. बसमदी कंडाक्टरनं चार आणं जास्त दिलं तर हे परत करत्यात. इमानाचं म्हणून न्हाई, भ्यात्यात म्हणून."

माझ्या अब्रूचा असा चुरा कुणी केला नव्हता, आणि माझ्या निर्दोषपणाचा असा बिनतोड पुरावाही कुणी दिला नव्हता. साहेबांच्या ओठाची एक बाजू हलल्यासारखी वाटली. पासबुक परत देता देता, जरा वेगळ्या आवाजात, त्यांनी विचारलं, "कशासाठी साठवत होता एवढे?"

"घरासाठी. लगीन व्हायचं तर लागलं आस्तं."

"मग?"

"झालं न्हाई. पन्नाशी आली आता." मेहुण्यांनी पासबुक खिशात, पट्टीशेजारी ठेवलं. "पैसं घरासाठी साठवलं व्हतं, घरालाच लागलं. ह्यात खोटं कुटं हाय?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग नवा फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "सातवा रकाना नीट भरा. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, नातं." मी तिथेच, त्या दोघांच्या समोर बसून लिहिलं. फाइलला एक लेखी ताकीद लागली, ती अजून आहे. पण परवानगीचं पत्र चार दिवसांत मिळालं आणि हप्ता महिनाअखेरीच्या एक दिवस आधी भरला. गेटाबाहेर मेहुण्यांनी सायकलीवर टांग टाकायच्या आधी विचारलं, "मी भ्याड म्हणालो ते लागलं का पाव्हणं?"

"लागलं."

"पण खरं व्हतं."

"हो."

"मग बरं," असं म्हणून ते भोसरीच्या दिशेने गेले. अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणार होता, म्हणून जरा जोरात.

आज आम्हाला त्या घरात राहायला लागून सात वर्षं झाली. मेहुणे रविवारी येतात, मुलांना गणितं सांगतात, हिला भाकरी अजून एका अंगाने जाड होते असं सांगतात आणि दिवेलागणीला निघतात. बाहेरच्या खोलीत त्यांच्यासाठी म्हणून एक कॉट टाकलीय. पहिल्या वर्षी मी पुष्कळदा म्हणालो, दादा, राहा ना आजची रात्र. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात झोप येत न्हाई मला." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी आणखी आग्रह केला असता. हा माणूस खोटं बोलत नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. कॉटवर आता धुतलेले कपडे घडी करायला ठेवतात.

पण मी त्या अकरा वाजताच्या चौकशीच्या दिवसाबद्दल सांगत होतो. संध्याकाळी घरी आलो आणि हिला पहिल्यांदा सगळं सांगितलं: मेमो, यादीवरचं बोट, बुशिंगं, बसचे चार आणे, सगळं. चार आण्यांपाशी ती हसली, आणि घरासाठी साठवलेल्या पैशांपाशी उठून चुलीपाशी गेली, तिथे तिचं काही काम नव्हतं. परत आली तेव्हा मी नव्या फॉर्मची कार्बनकॉपी तिच्या हातात दिली. सातव्या रकान्यात तिच्या भावाचं पूर्ण नाव होतं, तिच्या वडिलांचं होतं, तिच्या गावाचं होतं. तिने ते दिव्याखाली धरून हळूहळू, एकेका अक्षरावरून बोट फिरवत वाचलं. मग कागदाची घडी घातली.

"अक्षर छान आलंय," ती म्हणाली. "कुणी लिहायला लावलं नसतं, तर आणखी छान आलं असतं."